लाल शाईचा होकार

कन्हान
८ जुलै १९६८

चि. भैय्याजीस,
ताईचा जयभीम आणि आशीर्वाद.

निकाल तुले कळलाच असेल. बाकी सगळ्या विषयांत पास निघाली, इंग्रजीत सत्तावीस. पस्तीस पाहिजे होते. मागच्या खेपेस बी इंग्रजीनंच घात केला होता.

आता खरी गोष्ट सांगते. काल शाळेच्या सेक्रेटरीनं मले बोलावलं. म्हणे, "बाई, इतकी वर्षं तुम्ही बिनमॅट्रिक शिकवलं, आम्ही चालवून घेतलं. आता वरून तपासणी होऊन राहिली. ऑक्टोबरात मॅट्रिक झाल्या तर ठीक, नाही तर नव्या वर्षापासून तुमच्या वर्गावर दुसरी बाई." दुसरी बाई कोण ते सगळ्या कन्हानले माहीत आहे. त्याइचीच धाकटी सून. तिले लहान पोरं जवळ आली की शिंका येते. माझी चाळीस पोरं तिच्या हाती कशी द्यायची?

माझं गाडं कुठी अडते ते मले ठाऊक आहे. 'आय वेंट' लिहू का 'आय हॅव गॉन' लिहू, इथंच दर वेळेस मार्क जाते. मराठीत जेवलो म्हणा का जेवलो आहे म्हणा, पोट तर भरलंच ना गा? इंग्रजांच्या पोटात असं काय वेगळं होते?

तू इंग्रजीचा मास्तर. नागपुरात लोकांची पोरं हुशार करतं. आता घरच्या एका बाईले पत्रानं शिकव. तुह्या नाकाचा शेंबूड मी पुसला आहे, एवढं तर तू करशीलच.

आई बरी आहे. तुझ्याच लग्नाची काळजी करते. आतापर्यंत पाच पोरी तू नापास केल्या. पाचव्या पोरीले पोहे खाता खाता इंग्रजीतल्या 'सी'चं तिसरं रूप काहून विचारलं होतं, ते अजून तिचा बाप विचारते.

तुझी,
सिंधूताई


रामदासपेठ, नागपूर
१४ जुलै १९६८

ती. सौ. सिंधूताईस,
भैय्याजीचा सविनय जयभीम.

पत्र पावले. निकाल वाचून खेद झाला, परंतु आश्चर्य वाटले नाही. आपल्याकडे इंग्रजीचा पायाच कच्चा राहतो. मी तुला शिकवीन. मात्र माझ्या दोन अटी आहेत.

पहिली अट. दर आठवड्याला पाच इंग्रजी वाक्ये लिहून पाठवायची. वाक्ये घरात खरोखर घडलेल्या गोष्टींची असावीत. मी लाल शाईने तपासून परत करीन. माझ्या वर्गात हीच पद्धत आहे आणि हेडमास्तरांनी तिचे कौतुक केलेले आहे.

दुसरी अट. माझ्या लग्नाचा विषय या पत्रव्यवहारात मराठीतून यापुढे निघता कामा नये. ज्ञानाच्या ठिकाणी प्रपंच नको.

आता धडा. एखादी गोष्ट झाली, संपली, तिची वेळ सांगितली, म्हणजे साधा भूतकाळ. गोष्ट झाली, पण तिचा परिणाम आजही आपल्यापुढे उभा आहे, म्हणजे पूर्ण वर्तमानकाळ. उदाहरण देतो. 'आय ब्रोक माय लेग लास्ट इयर.' गेल्या वर्षी पाय मोडला, आता मी धडधाकट चालतो. आणि दुसरे, 'आय हॅव ब्रोकन माय लेग.' माझा पाय मोडलेला आहे, मी खाटेवर पडलेलो आहे. कळला फरक?

हे दुसरे वाक्य लाल शाईने अधोरेखित केले आहे. ते पाठ कर.

तुझा,
भैय्याजी नत्थूजी गजभिये
बी. ए., बी. टी.


कन्हान
१८ जुलै १९६८

भैय्याजी,

हे पत्र तुले मिळेल तवा जे व्हायचं ते होऊन गेलं असेल. तरी लिहून राहिली.

तुझं पत्र आलं तवा मी शाळेत होती. आईले वाचता येत नाही, पण लाल शाई पाहून तिले वाटलं, वाईट खबर आहे. ती पत्र घेऊन धोंडबाकडे पळाली. धोंडबा तुले आठवते ना, कामठीच्या छावणीत साहेबाच्या कोठारावर होता तो. त्याले मराठी वाचता येत नाही, इंग्रजी येते, डब्यांवरची अक्षरं वाचून शिकला. त्यानं मराठी सगळं सोडून दिलं अन् लाल रेघेचं तेवढं वाचलं. म्हणे, "रुखमाबाई, पोराचा पाय तुटला."

मी घरी आली तं दाराले कुलूप. शेजारीण म्हणे, आई लहानूले घेऊन गेली. लहानू म्हणजे तोच, हाडं बसवणारा. दवाखान्यात नवीन नर्स आली आहे, देवकी, रामटेकची, ती डबा खात बसली होती. तिले बी आईनं डब्यासकट एस.टी.त बसवलं.

तू दार लावून ठेव. लहानूले पाय दिसला की तो ओढते.

सिंधू


रामदासपेठ, नागपूर
२१ जुलै १९६८

ती. सिंधूताईस जयभीम.

तुझे दार लावण्याविषयीचे पत्र काल मिळाले. अठरा तारखेला माझे दार उघडे होते.

मी वह्या तपासत बसलो होतो. इतक्यात जिन्यावर आईचा रडण्याचा आवाज. मी धावत उठलो. धावत उठलो हे लक्षात घे, म्हणजे माझे दोन्ही पाय शाबूत होते हे कोणालाही दिसले असते. परंतु लहानूने मला खांद्याला धरून खाली बसवले आणि म्हणाला, "मास्तर, गरम गरम आहे म्हणून समजून नाही राहिलं तुमाले. थंड झालं की बोंबलान." मी म्हटले, अहो, ते उदाहरण होते. तो म्हणाला, "कोणतं बी असो, आपण बसवतो."

आईने डोके धरले. लहानूने पाय धरला. आणि ओढला.

ताई, आता माझा घोटा दुधीभोपळ्यासारखा सुजला आहे. शाळेत आठ दिवसांची रजा टाकली आहे. कारण काय लिहावे हा प्रश्न पडला. हेडमास्तरांना इंग्रजीत अर्ज करावा लागतो, म्हणून तेच वाक्य लिहिले.

त्या नर्सबाईंनी पट्टी बांधली. पट्टी चांगली बांधली हे कबूल केले पाहिजे. परंतु बाई फार हसतात. आई रडत असताना आणि मी ओरडत असताना त्या तोंडाला पदर लावून हसत होत्या. शिवाय माझ्या टेबलावरची एक वही उचलून म्हणाल्या, "मास्तर, या पोरानं पानभर एकच ओळ लिहिली आहे अन् तुम्ही खाली 'उत्तम' लिहिलं. तुम्ही वाचून राहिले का नुसत्या टिका मारून राहिले?" मी म्हटले, बाई, अनुभवी शिक्षकाला पान पाहिले की कळते. यावर त्या पुन्हा हसल्या. रामटेककडे अशीच पद्धत असेल तर ठाऊक नाही. त्यांचे पूर्ण नाव काय? सहज विचारले. रजेच्या अर्जाला जोडायला लागेल.

धोंडबाला माझे पत्र पुन्हा दाखवू नये.

तुझा,
भैय्याजी नत्थूजी गजभिये
बी. ए., बी. टी.


कन्हान
२८ जुलै १९६८

चि. भैय्याजीस जयभीम.

तुझं पत्र वाचून मी इतकी हसली की तुझे भाऊजी खाणीतून थकून आले होते, ते बी हसले. आई तेवढी हसत नाही. ती म्हणते, लहानू वेळेवर पोचला म्हणून पोराचा पाय वाचला. तिले समजावून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी.

नर्सबाईचं नाव देवकी मेश्राम. घरी तुझी तब्येत विचाराले आली होती. जाता जाता ती बी सांगून गेली, "ताई, तुमचे भाऊ वाचत नाही, बरं का." मी म्हटलं, वर्गातल्या पोरांचं असेल तसं, बहिणीचं वाचतेच.

सोबत पाच वाक्यं. खरोखर घडलेली, तुझ्या अटीप्रमाणं. नीट पाहून घे.

सिंधूताई


रामदासपेठ, नागपूर
४ ऑगस्ट १९६८

ती. सिंधूताईस जयभीम.

वाक्ये तपासून परत करीत आहे. प्रगती समाधानकारक. अशीच लिहीत जा.

घोट्याची सूज उतरली. नर्सबाईंची पट्टी धुऊन, इस्त्री करून ठेवली आहे. ती परत करायची असते की ठेवून घ्यायची, याची चौकशी करून कळव. दवाखान्याची मालमत्ता असल्यास मला बाळगणे योग्य होणार नाही.

भै. न. गजभिये


कन्हान
२५ ऑगस्ट १९६८

चि. भैय्याजीस जयभीम.

ही चौथी खेप. आतापर्यंतच्या माझ्या सगळ्या वाक्यांवर तुझी टिक आहे. मी इतकी हुशार कधी झाली ते मलेच समजून नाही राहिलं. टिकवाली वाक्यं मी सगळी पाठ करून टाकली. सकाळी भाकरी थापता थापता म्हणते. आईले बी दोन-चार पाठ झाली, ती कोंबड्यांले दाणे टाकताना म्हणते.

सेक्रेटरीची सून परवा वर्ग पाहून गेली. ते बी एक वाक्य केलं आहे, दुसरं, पाहून घे.

पट्टी परत नाही द्यावी लागत, असं देवकी म्हणते. अन् हसते. आजकाल ती रविवारची आमच्याकडेच जेवते.

सिंधूताई


रामदासपेठ, नागपूर
१ सप्टेंबर १९६८

ती. सिंधूताईस जयभीम.

पाचही वाक्ये बरोबर. चाचणी परीक्षेच्या वह्यांचा ढीग असल्याने पत्र त्रोटक.

पट्टीबद्दल कळले. तरीही पट्टी माझ्याकडे आहे, हे नर्सबाईंच्या कानावर असू द्यावे.

भै. न. गजभिये


कन्हान
८ सप्टेंबर १९६८

चि. भैय्याजीस जयभीम.

या खेपेची वाक्यं इथंच लिहिते, वेगळा कागद नाही जोडत. तुझी दुसरी अट मी पाळून राहिली आहे. लग्नाचं मराठीतून एक अक्षर बी काढलं नाही.

१. अवर स्कूल रूफ लीक्ड यस्टरडे.
२. देवकी केम टू अवर हाउस ऑन सन्डे.
३. मदर हॅज लाइक्ड देवकी.
४. देवकी हॅज लाइक्ड भैय्याजी.
५. भैय्याजी हॅज सेड येस.

पाचव्या वाक्याबद्दल मनात धाकधूक आहे. बरोबर असेल तरच टिक मार. नसेल तर लाल शाईनं फुली मार, मले वाईट नाही वाटणार. पण काय ते नीट पाहून मार.

सिंधूताई


(वरील पत्राच्या तळाशी, लाल शाईत, परतीच्या पाकिटात)

१ ते ५ बरोबर. पाचवे वाक्य विशेष सुंदर. शाब्बास.
भै. न. गजभिये, १२/९/६८


कन्हान
१५ सप्टेंबर १९६८

चि. भैय्याजी,

तुले काय लिहू अन् काय नाही. तुझी टिक पाहून आई दारातच बसली अन् रडली. 'विशेष सुंदर' हे तर मी तिले तीनदा वाचून दाखवलं. तिनं साऱ्या मोहल्ल्यात साखर वाटली. धोंडबाले पत्र दाखवलं, त्यानं बी खातरजमा केली. म्हणे, पक्कं आहे, येस लिहिलं आहे.

देवकीचे आईबाप रामटेकहून येऊन गेले. शेतीतली साधी माणसं आहे. साक्षगंध दिवाळीनंतर, लग्न मागून करू म्हणते. दसऱ्याले आपण सगळे दीक्षाभूमीवर येऊच, तवा तू त्याइले भेट. नवा सदरा घाल.

मी तर आस सोडली होती गा. वाटलं होतं, तू तोंड वाकडं करशील.

सिंधूताई


रामदासपेठ, नागपूर
१८ सप्टेंबर १९६८

सिंधूताई,

हे काय लावून ठेवलं आहे तुमी लोकायनं? कोणाचं साक्षगंध? मी कधी येस म्हटलं? मले कोणी विचारलं तरी का? काल शाळेत चपराशानं मले मुबारक दिली. त्याचा साळा कन्हानले राहते. हेडमास्तर म्हणे, गजभिये, पेढे कुठं आहे?

ते पाचवं वाक्य मी वाचलं नव्हतं. टिक मारली म्हणजे वाचलं असं होत नाही. शंभर वह्यांच्या गठ्ठ्यात तुझं पत्र होतं, तारीख टाकली, टिका मारल्या, पाकिटात घातलं. माणूस काय काय वाचेल? अन् विशेष सुंदर मी सगळ्यायलेच लिहितो.

आईले सांग, साखर परत घे म्हणावं.

भैय्याजी


कन्हान
२० सप्टेंबर १९६८

भैय्याजी,

साखर परत येत नाही. लोकांनी चहात टाकली.

ते वाक्य मी मुद्दाम लिहिलं, हो. देवकीले तू आवडला, तिनं मले सांगतलं. तू पट्टीले इस्त्री करून ठेवली, ते पाहून मले बी वाटलं का तुझ्या मनात आहे. मराठीतून विषय काढू नको असं तुनंच लिहून देल्लं होतं. म्हणून इंग्रजीतून विचारलं. फुली मारली असती तर गोष्ट तिथंच संपली असती. तू शाब्बास लिहिलं.

पण आज मी त्याच्यासाठी रागावली नाही. लग्नाचं जाऊ दे चुलीत.

तू वाचत नव्हता. दीड-दोन महिने मी चुलीपुढं बसून एक एक वाक्य जमवलं, अन् तू टिका मारून पाठवून राहिला होता. तुझ्या टिका पाहून मी सगळं पाठ केलं. आता काल देवकीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरसाहेबाले चार वाक्यं दाखवली. त्यातली तीन चूक निघाली. 'आय हॅव वेंट' असं इंग्रजीत नसतेच म्हणे. त्यावर तुझी टिक आहे. 'शी हॅव सीन'वर टिक आहे. आईच्या कोंबड्यायले बी चुकीचंच इंग्रजी ऐकू गेलं.

परीक्षेले तीन आठवडे राहिले. माझं डोकं आता रिकाम्या पाटीसारखं असतं तर बरं झालं असतं, त्यावर तर चुकाच कोरून ठेवल्या आहे. सेक्रेटरीची सून वर्गात येऊन खिडकीचं माप घेऊन गेली, पडदा लावाले. ते बी मी तुले लिहिलं होतं. त्यावर तुझं 'छान' आहे.

परके मास्तर परवडले असते. त्याइले पैसे दिले असते तर त्याइनं वाचलं तरी असतं.

देवकीले तुझं पत्र दाखवलं. ती हसली नाही. म्हणे, "मले पहिल्या दिवशीच माहीत होतं ताई. न वाचता दिलेला होकार मी धरत नाही. मास्तरांले सांगा, मोकळे आहे ते."

तू बी मोकळाच. माझं मी पाहून घेईन.

सिंधू


रामदासपेठ, नागपूर
२४ सप्टेंबर १९६८

ती. ताईस,

परवा मी आलो तेव्हा तू दार उघडलेस, पाणी दिलेस, आणि कागदांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवून शेजारणीकडे निघून गेलीस. बरे केलेस. तू समोर असतीस तर मला वाचता आले नसते.

सगळी वाक्ये वाचली. आधी चुका पाहिल्या. मग चुका सोडून नुसती वाचली. तुझ्या वर्गाचे छत गळते हे मला ठाऊक नव्हते. पोरांना ओलीत बसावे लागू नये म्हणून तू घरचे पोते नेऊन अंथरलेस, हेही नव्हते. भाऊजींचा खोकला जुलैपासून आहे. आई उपाशी झोपली तो दिवस माझा घोटा सुजला तोच होता. या सगळ्यावर माझ्या हाताने बरोबरच्या खुणा आहेत. मला माझीच लाज वाटली, ताई. मास्तर म्हणवून घेतो आणि उंटावरून शेळ्या हाकतो.

आता ऐक. पाय मोडल्याचे उदाहरण विसरून जा. तुझेच घे. मागल्या वर्षी छत गळले, मिस्त्री आला, दुरुस्त झाले, ती गोष्ट संपली. तिला साधा भूतकाळ. पण छत गळले आहे आणि पोरे अजून पोत्यावर बसली आहेत, तर ते अजून संपलेले नाही. तिथे 'हॅव' किंवा 'हॅज' लागते. लिहिण्याआधी स्वतःला एवढेच विचार, की झाले ते झाले, का त्याचे अजून काही शिल्लक आहे? आणि काल, परवा, रविवारी अशी वेळ लिहिलीस की 'हॅव' घ्यायचे नाही, मग शिल्लक काही का असेना.

परीक्षेपर्यंत दर रविवारी सकाळच्या एस.टी.ने येईन. जेवायला करू नको, डबा आणीन. लग्नाबद्दल काही लिहीत नाही. तेवढे तोंड मला उरलेले नाही.

तुझा,
भैय्याजी


कन्हान
१७ ऑक्टोबर १९६८

चि. भैय्याजीस जयभीम अन् आशीर्वाद.

पेपर झाला. कसा गेला ते सांगत नाही, मागच्या दोन्ही वेळेस चांगला गेला होता म्हणून सांगतलं अन् तोंडघशी पडली. एवढं सांगते, रिकाम्या जागा भरायच्या होत्या, तिथं दर वेळेस मी डोळे मिटून पोतं आठवलं. शिल्लक आहे का नाही, असं विचारलं. बाजूच्या बाकावरची पोरगी मले पाहून घाबरली. तिले वाटलं बाईले झोप लागली.

तू दर रविवारी आला. शेवटच्या रविवारी तर माझं एक वाक्य कापून तू अर्धा तास त्याच्यावर भांडला, तवा मले बरं वाटलं. आई म्हणे, काहून भांडता? मी म्हटलं, वाचून राहिला तो, भांडू दे.

आता एक माझ्याकडून. दसऱ्याले दीक्षाभूमीवर एवढ्या गर्दीत तू देवकीच्या समोर येऊन उभा राहिला. खिशात हात घातला. पट्टीचं टोक बाहेर आलं, ते मले दिसलं. मग तू "गर्दी फार आहे" म्हणून निघून गेला. गर्दी तर दर वर्षीच असते गा, ते तिले बी माहीत आहे.

मी काही विचारत नाही. मराठीतून बी नाही अन् इंग्रजीतून बी नाही.

सिंधूताई


रामदासपेठ, नागपूर
१ डिसेंबर १९६८

ती. ताईस जयभीम.

दिवाळी गेली, थंडी पडली, हे पत्र मी बारा वेळा लिहून फाडले. शेवटी वाटले, ज्या रस्त्याने चूक गेली त्याच रस्त्याने दुरुस्ती जावी. सोबतच्या कागदावर पाच वाक्ये आहेत. ती तुझ्यासाठी नाहीत. नर्सबाईंना, म्हणजे देवकीला, देशील का? मराठीत लिहिली असती तर बारा वेळा काय, चोवीस वेळा फाडली असती. इंग्रजीआड लपलो, हे तू ओळखशीलच.

धोंडबाला दाखवू नये. लहानूला तर मुळीच नाही.

तुझा,
भैय्याजी

(सोबतचा कागद)

१. आय डिड नॉट रीड युअर नेम इन सप्टेंबर.
२. आय हॅव रेड इट मेनी टाइम्स नाऊ.
३. माय लेग हॅज हील्ड.
४. आय हॅव केप्ट युअर बँडेज.
५. भैय्याजी हॅज आस्क्ड.


कन्हान
९ डिसेंबर १९६८

चि. भैय्याजीस जयभीम अन् आशीर्वाद.

इंग्रजीत त्रेचाळीस. मॅट्रिक झाली तुझी ताई.

सेक्रेटरीनं गुणपत्रिका उजेडात धरून पाहिली. मग म्हणे, "बरं, करा मग सुरू." त्याइची सून वर्गात पडदा लावून गेली होती, तो तसाच ठेवला. ऊन चांगलं अडते. आई कोंबड्यांले दाणे टाकताना आता त्रेचाळीस त्रेचाळीस म्हणते. तुझे भाऊजी खाणीतून येताना पेढे घेऊन आले अन् सगळ्यांआधी मले दिले. मी रडली. मोठ्यानं रडली. आता तू बी रडून घे, कोणी पाहून नाही राहिलं.

तुझा कागद देवकीले देल्ला. तिनं दवाखान्याच्या दारात उभ्यानंच वाचला. पेशंट बाहेर बसले होते, त्याइले बसू देल्लं. मग आत जाऊन खुर्चीवर बसून परत वाचला. पहिल्या चार वाक्यांत एक बी चूक नाही म्हणे, मास्तर सुधारले. अन् पाचव्यावर लई वेळ बोट ठेवून बसली. मी म्हटलं, वं देवकी, काय ते सांग, माझा जीव टांगणीले लागला. तर म्हणे, "ताई, घाई करू नका, मी वाचून राहिली." मग माझ्याजवळ लाल शाईचा पेन मागितला.

कागद सोबत परत पाठवते. पाचव्या वाक्यापुढं तिची टिक आहे, पाहून घे. आईले अजून सांगतलं नाही, नाही तर ती आजच साखर वाटेल. आधी तू ये, अन् तुझ्या तोंडानं सांग.

कागद उलटा कर. मागच्या बाजूले देवकीनं आणखी काही लिहिलं आहे, चांगलं पानभर. ते तू सगळं वाच, एक एक शब्द. मी मात्र तेवढं न वाचताच पाकिटात घालून राहिली.

तुझी,
सिंधूताई
मॅट्रिक